खजिनदारांनाही वाचायला द्या : कॅलिफोर्नियातल्या महाराष्ट्र मंडळांना खुले पत्र

प्रति,
कॅलिफोर्नियातील महाराष्ट्र मंडळांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणी सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या गणेशोत्सवाला आमदार येतात. असेंब्लीचे येतात, राज्य सिनेटचे येतात, निवडणूक जवळ आली की दोन्हीकडचे येतात. शाल, श्रीफळ, आरतीच्या ताटापाशी फोटो, ‘नमस्ते’ने सुरू होणारं दोन मिनिटांचं भाषण, आणि पार्किंगपर्यंत सोडायला दोघं जण. त्या संध्याकाळी त्यांच्यापुढे राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत, काय वाढून ठेवलेलं असतं, याचा विचार सहसा होत नाही. सम वर्षात अधिवेशन ३१ ऑगस्टला संपतं आणि गव्हर्नरला सहीसाठी ३० सप्टेंबरपर्यंत मुदत असते. विषम वर्षात हे सगळं साधारण दोन आठवडे पुढे जातं. म्हणजे बाप्पा बसलेले असतात त्याच दिवसांत शेकडो विधेयकं एकतर सभागृहात अडकलेली असतात, नाहीतर गव्हर्नरच्या टेबलावर. आमदार हाताशी असतो, वेळही नेमकी असते, आणि आपण त्याला फक्त मोदक देतो.

मोदक द्याच. सोबत दोन प्रश्नही विचारा, एवढ्यासाठी हे पत्र. एक प्रश्न तुरुंगातून सुटणाऱ्या माणसांचा आणि दुसरा लष्करातून परतलेल्यांच्या तब्येतीचा. हे दोन विषय एकत्र कसे, असं वाटेल. सॅक्रामेंटोत ते वर्षानुवर्षं एकत्र हाताळणारी मंडळी आहेत क्वेकर, म्हणजे ‘फ्रेंड्स’. त्यांची विधेयकांचं काम पाहणारी समिती, फ्रेंड्स कमिटी ऑन लेजिस्लेशन ऑफ कॅलिफोर्निया, १९५२ पासून तिथे आहे. आम्ही या कामात त्यांच्या शेजारी बसणारे मराठी मतदार आहोत. आमच्यातले बहुतेक क्वेकर नाहीत, व्हायचा विचारही नाही. पण कामाची पद्धत उचलण्यासारखी आहे.

ओट्सच्या डब्यावरच्या टोपीवाल्या म्हाताऱ्याशी या लोकांचा संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो. मराठी माणसाला त्यांची ओळख दुसरीकडून पटेल. सेवाग्रामला नई तालीमच्या शिक्षकांना शिकवणाऱ्या मार्जरी साइक्स क्वेकर होत्या. मिठाच्या सत्याग्रहाआधी, मार्च १९३० मध्ये, गांधीजींचं पत्र व्हाइसरॉय आयर्विनकडे पोचवणारा रेजिनाल्ड रेनॉल्ड्स हा तरुणही क्वेकर. १९४७ चं शांततेचं नोबेल त्यांच्या ब्रिटिश आणि अमेरिकी सेवासंस्थांना मिळून मिळालं. सतराव्या शतकापासून त्यांचा युद्धाला विरोध आहे, आणि तो आजही तसाच आहे.

मग युद्धविरोधी लोक सैनिकांच्या तब्येतीसाठी का झटतात? त्यांचा विरोध युद्धाला आहे, युद्धातून परतलेल्या माणसाला नाही. शिवाय इतिहासही आहे. दुसऱ्या महायुद्धात बंदूक धरायला नकार देणाऱ्यांना सरकारने पर्यायी नागरी सेवेत धाडलं. त्यांतले बरेच जण मनोरुग्णालयांत अटेंडंट म्हणून लागले. फिलाडेल्फियाच्या बायबेरी इस्पितळातल्या तुकडीचं व्यवस्थापन क्वेकरांकडे होतं. तिथली अवस्था या मुलांनी टिपणं आणि छायाचित्रं काढून बाहेर आणली आणि १९४६ साली मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय प्रतिष्ठान उभं केलं. मनाला झालेली जखम आणि तिला कुलूप लावून टाकणारी संस्था या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच वॉर्डात पाहिल्या. तुरुंग आणि सैनिक हे विषय त्यांच्याकडे एकाच फाइलीत असतात ते त्यामुळे.

पण या मंडळींना देव्हाऱ्यात बसवू नका. एकांतकोठडीच्या पापात त्यांचा वाटा मोठा आहे. १७८७ साली फिलाडेल्फियात तुरुंगसुधारणेची जी सोसायटी निघाली, तिच्यात क्वेकर बरेच होते. कैद्याला एकटं ठेवलं, हातात बायबल दिलं, की तो अंतर्मुख होईल आणि सुधारेल, हा त्यांचा विचार. १८२९ मध्ये उघडलेला ईस्टर्न स्टेट तुरुंग याच विचारावर बांधला. माणसं सुधारण्याऐवजी वेडी होऊ लागली. पुढे १९७१ साली क्वेकरांच्या अमेरिकन फ्रेंड्स सर्व्हिस कमिटीने दुसऱ्या टोकाची टीका केली. त्या काळी कॅलिफोर्नियात शिक्षा ‘एक वर्ष ते जन्मठेप’ अशी अधांतरी असे, आणि कैदी ‘सुधारला’ की नाही हे एक मंडळ ठरवी. या मनमानीविरुद्ध त्यांचा अहवाल होता, आणि तो रास्त होता. १९७६ मध्ये राज्याने ठरावीक मुदतीच्या शिक्षेचा कायदा केला. त्यात मात्र कैदेचा हेतू ‘शिक्षा’ हाच, असं लिहून ठेवलं. मंडळाची मनमानी गेली आणि तिच्याबरोबर सुधारणेची जबाबदारीही गेली. त्यानंतर विधिमंडळाने शिक्षांची वर्षं वाढवत नेली, १९९४ मध्ये वारंवार गुन्हा करणाऱ्याची शिक्षा वाढवणारा ‘थ्री स्ट्राइक्स’ कायदा आला, २००६ मध्ये राज्याच्या तुरुंगांत सुमारे १ लाख ७३ हजार माणसं होती, आणि २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला कैद्यांची संख्या मूळ क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांवर आणण्याचा आदेश कायम करावा लागला. तुरुंग विभागाच्या नावात ‘पुनर्वसन’ हा शब्द २००५ मध्ये जोडला गेला. शिक्षेच्या हेतूचं कलम बदलायला २०१६ उजाडलं. एबी २५९० ने (एबी म्हणजे असेंब्लीचं विधेयक, एसबी सिनेटचं) त्यात शिक्षेसोबत पुनर्वसन आणि पुनर्स्थापक न्याय, म्हणजे झालेलं नुकसान भरून काढण्यावर भर, आणला.

हे पाल्हाळ अशासाठी की विधेयकाचा हेतू वाचून पाठिंबा देऊ नये, हे क्वेकर स्वतःच्या अनुभवातून शिकले आहेत. कोण, किती दिवसांत, कुठल्या पैशातून आणि नाही केलं तर काय, ही चार उत्तरं कलमांत सापडेपर्यंत ते सही करत नाहीत.

आता प्रत्यक्ष बाबी.

सुटताना मिळणाऱ्या पैशांपासून सुरुवात करू. कॅलिफोर्नियाच्या तुरुंगातून सुटणाऱ्याला २०० डॉलर मिळतात, तेही बहुतेक वेळा डेबिट कार्डावर. ही रक्कम १९७३ पासून तीच आहे. अंगावर घालायला कपडे नसतील तर त्याचे पैसे यातून कापतात, बसचं तिकीटही यातून. नकाशा उघडून ब्लाइद शोधा. अॅरिझोनाच्या सीमेवरचं वाळवंटातलं गाव, त्याच्याजवळ आयर्नवुड तुरुंग. तिथून लॉस एंजेलिस सव्वादोनशे मैलांच्या आसपास. तिकीट आणि कपडे वजा जाता हातात जे उरतं, त्यातून पहिल्या रात्रीचं मोटेल, फोन आणि पॅरोल ऑफिसपर्यंतचा प्रवास भागवायचा. १९७३ चे २०० डॉलर महागाईच्या हिशेबाने २०२२ साली १,३०० च्या घरात जात होते. एसबी १३०४ ने नेमका तोच आकडा मागितला. दोन्ही सभागृहांत विधेयक मंजूर झालं आणि सप्टेंबर २०२२ मध्ये गव्हर्नरने नाकारलं. अडचण खर्चाची होती, अर्थसंकल्पात तरतूद नव्हती.

यावर संताप सोपा आहे. कामाची गोष्ट वेगळी. वाढ दरडोई १,१०० डॉलरची, म्हणजे दर दहा हजार सुटकांमागे १ कोटी १० लाख डॉलर. एवढी रक्कम सप्टेंबरात सहीच्या वेळी कोणी शोधत नाही. ती मार्च-एप्रिलमध्ये सार्वजनिक सुरक्षेच्या अर्थसंकल्प उपसमितीपुढे मागावी लागते, म्हणजे १५ जूनला मंजूर होणाऱ्या अर्थसंकल्पात ओळ पडते. विधेयक आणि अर्थसंकल्पातली ओळ ही दोन वेगळी कामं आहेत. एका आमदाराने विधेयक मांडलं की दुसऱ्याला उपसमितीत गाठायचं असतं. हे न करता मंजूर झालेली विधेयकं नकाराच्या पत्रांत दरवर्षी सापडतात. राज्याला एका कैद्यामागे वर्षाला एक लाख डॉलरहून जास्त खर्च येतो, हा आकडा उपसमितीत जरूर मांडा. तो ऐकून माना हलतात. मात्र एक माणूस कमी झाल्याने तेवढे लाख वाचत नाहीत. इमारत, पहारेकरी आणि वीज तशीच राहते, आणि खरी बचत अख्खा यार्ड (तुरुंगाचा एक विभाग) किंवा तुरुंग बंद झाला तरच होते. हा फरक न सांगता आकडा फेकला तर समितीचा सल्लागार तुम्हाला दोन मिनिटांत उघडं पाडेल.

दुसरी बाब औषधांची. वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांचा अमली पदार्थांच्या अतिसेवनाने मरण्याचा धोका इतर लोकांच्या १२९ पट निघाला. तुरुंगात शरीराची सवय मोडलेली असते, बाहेर आल्यावर माणूस जुनाच डोस घेतो. यावर उपाय करणाऱ्या एका योजनेला जानेवारी २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, आणि अशी मंजुरी मिळवणारं कॅलिफोर्निया हे देशातलं पहिलं राज्य. सुटकेआधी ९० दिवस मेडी-कॅलच्या (कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या) काही सेवा आतच सुरू करता येतात: केस मॅनेजर, व्यसनमुक्तीची औषधं, आणि बाहेर पडताना हातात औषधांचा साठा. १ ऑक्टोबर २०२४ पासून दोन वर्षांत सगळे तुरुंग आणि काउंटी जेल यात यायचे, असं वेळापत्रक ठरलं.

कागदावर उत्तम. गाडी अडते काउंटी जेलमध्ये, म्हणजे खटल्याची वाट पाहणारे बहुतेक जिथे असतात तिथे. तिथे माणूस कधी सुटेल हे न्यायाधीशालाही आदल्या दिवशी ठाऊक नसतं, त्यामुळे ९० दिवस उलटे मोजणार कसे? मध्यरात्री सोडलं तर औषधाचं दुकान बंद. मेडी-कॅलची नोंद एका काउंटीत आणि सुटका दुसरीत झाली तर केस मॅनेजरचा फोन कोणी उचलत नाही. म्हणून आमदाराला विचारायचा प्रश्न असा: ‘आपल्या काउंटीच्या जेलमध्ये आत आल्यापासून किती तासांत तपासणी होते, आणि गेल्या महिन्यात सुटलेल्यांपैकी किती जणांच्या हातात औषध होतं?’ उत्तर नसेल तर ते शेरीफकडून मागवून घ्यायला सांगा. आमदाराच्या कार्यालयातून गेलेल्या पत्राला शेरीफचं कार्यालय उत्तर देतं, तुमच्या-आमच्या पत्राला देईलच असं नाही.

अभ्यासक्रमांबद्दल थोडक्यात. पुनर्वसनाच्या मान्य उपक्रमांत ५२ तास भरले की शिक्षेतून १० दिवस कमी होतात, वर्षाला जास्तीत जास्त ४०. पहारेकरी कमी पडले की वर्ग रद्द होतो, यार्ड बंद झालं की वर्ग रद्द होतो, आणि कैद्याची बदली झाली की अर्धा अभ्यासक्रम मागे राहतो. दोष शिक्षकाचा नसतो, कैद्याचाही नसतो, पण तास त्याचेच बुडतात. रद्द झालेल्या वर्गांची नोंद ठेवून ती प्रसिद्ध करावी, एवढी साधी अट विधेयकात घालून घेतली तरी बरंच उघडं होतं.

सैनिकांचा विषय जरा सावकाश घेऊ, कारण मंडळांत याची माहिती जवळजवळ नाही. आपल्या मुलामुलींपैकी काही जण अमेरिकी लष्करात गेले आहेत, तरीही नाही.

सुरुवात एका प्रश्नाच्या शब्दांपासून होते. जेलमध्ये नोंदणी करताना ‘तुम्ही व्हेटरन आहात का?’ असं विचारलं, तर अनेक जण ‘नाही’ म्हणतात. कोणी प्रत्यक्ष लढाईत नव्हता, कोणी नॅशनल गार्डमध्ये होता, कुणाला सन्मानाने निवृत्ती मिळाली नाही, आणि काहींना तुरुंगात हे कळू द्यायचंच नसतं. ‘तुम्ही कधी अमेरिकेच्या लष्करी दलात सेवा केली आहे का?’ असं विचारलं की उत्तरं बदलतात. एवढ्यावरही विसंबू नये, म्हणून केंद्राच्या व्हेटरन्स खात्याची एक संगणकीय सोय आहे. तुरुंगाने कैद्यांची यादी पाठवली की ती लष्कराच्या नोंदींशी जुळवून मिळते. यादी नियमित पाठवायला पैसे फारसे लागत नाहीत, कुणाचं तरी काम म्हणून ते लिहून ठेवावं लागतं. तुमच्या काउंटीचं जेल यादी पाठवतं का, आणि शेवटची कधी पाठवली, हे आमदाराला विचारा.

नंतर एकसष्टावा दिवस येतो. गंभीर गुन्ह्यात, म्हणजे फेलनीत, दोषी ठरून आत गेलेल्या सैनिकाचा अपंगत्व भत्ता ६१ व्या दिवसापासून कापला जातो. अपंगत्व २० टक्के किंवा जास्त असेल तर तो १० टक्क्यांच्या दरावर येतो, १० टक्के असेल तर त्याच्या निम्म्यावर. २०२५ च्या दराने शंभर टक्के अपंगत्व असलेल्या एकट्या माणसाला महिना सुमारे ३,८३१ डॉलर मिळत, दहा टक्क्यांना सुमारे १७५. खात्याला कळवलं नाही तर पूर्ण रक्कम येत राहते, आणि नंतर ते सगळं कर्ज म्हणून डोक्यावर बसतं. सात महिने कोणाच्या लक्षात आलं नाही तर पंचवीस हजारांच्या वर. बाहेर येताना हातात राज्याचे २०० आणि मागे केंद्राची वसुली. कापलेल्या रकमेतला वाटा बायकोमुलांना मिळण्याची तरतूद कायद्यात आहे, पण तो आपोआप मिळत नाही, वेगळा अर्ज लागतो. सुटकेच्या तारखेपासून भत्ता पूर्ववत व्हायचा असेल तर एका वर्षाच्या आत कळवावं लागतं, आणि सुटका ३० दिवसांवर आली की तुरुंगाचा कागद जोडून आधीच अर्ज करता येतो. नियम केंद्राचे, पण कागद वेळेवर निघतो की नाही हे राज्याच्या तुरुंगावर अवलंबून. काउंटीचा व्हेटरन्स सेवा अधिकारी ठरलेल्या दिवशी आत येऊ शकला तर यातलं निम्मं दुखणं जातं. त्याच्या भेटींसाठी आणि खोलीसाठी राज्याने तरतूद करावी, ही मागणी छोटी आणि नेमकी आहे. अशाच मागण्या टिकतात.

न्यायालयातही दारं आहेत. दंडसंहितेचं कलम ११७०.९१ २०१४ च्या एबी २०९८ मधून आलं. लष्करी सेवेमुळे झालेला मानसिक आघात, मेंदूची इजा, लैंगिक अत्याचाराचा आघात, व्यसन किंवा मानसिक आजार, यांचा शिक्षा ठरवताना सौम्य बाजूने विचार व्हावा असं ते सांगतं. जुन्या शिक्षांचा फेरविचार २०१८ मध्ये मर्यादित स्वरूपात सुरू झाला आणि २०२२ च्या एसबी १२०९ ने तो बराच रुंदावला, काही अत्यंत गंभीर गुन्हे वगळून. किरकोळ गुन्ह्यांत खटल्याऐवजी उपचार घेण्याची सोय, म्हणजे डायव्हर्जन, २०१४ च्या कायद्यापासून आहे, आणि २०२४ च्या एसबी १०२५ ने ती ठरावीक अपवाद सोडून फेलनीपर्यंत नेली. यातला बारकावा लक्षात ठेवा. शिक्षेच्या कलमात आजार आणि लष्करी सेवा यांचा संबंध दाखवायचा असतो. फेलनीच्या डायव्हर्जनमध्ये आजार आणि गुन्हा यांचाही संबंध बघितला जातो. वकील घाईत एकाचे कागद दुसऱ्याला जोडतात आणि अर्ज तिथेच पडतो. पहिल्या हजेरीला न्यायालयाने या तरतुदी सांगायच्या असतात, आणि आपण लष्करात होतो हे न्यायालयाला कळवायला एमआयएल-१०० हा फॉर्म आहे. गजबजलेल्या न्यायालयात हे वाक्य चाळीस आरोपींना एकदम वाचून दाखवतात. डीडी-२१४ म्हणजे सेवामुक्तीचा दाखला. तो घरी आईच्या कपाटात असेल तर आठवडे वाचतात.

तर करायचं काय? मंडळाच्या कॅलेंडरवरच सांगतो, वेगळं कॅलेंडर कोण पाळणार.

तिळगूळ वाटून होतो तोवर अर्थसंकल्प आलेला असतो, १० जानेवारीची मुदत आहे. फेब्रुवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत नवी विधेयकं मांडली जातात आणि छापून आल्यावर ३० दिवस त्यांवर सुनावणी होत नाही. मंडळातल्या तिघांनी याच महिन्यात बसावं. विधिमंडळाच्या संकेतस्थळावरच्या शोधयंत्रात ‘तुरुंग’ आणि ‘व्हेटरन्स’ यांचे इंग्रजी शब्द टाकले की डझनांनी विधेयकं निघतील. त्यांतली दोनच निवडा. क्वेकरांच्या सभेत मतदान नसतं, एकमत होईपर्यंत बसतात, आणि म्हणून त्यांच्या यादीत फार विधेयकं मावत नाहीत. बैठका लांबतात खऱ्या (आपल्या कार्यकारिणीच्या बैठकींना यात काही शिकायचं नाही), पण ठरलं की वर्षभर माणूस हलत नाही.

पाडव्याच्या सुमारास पहिल्या समित्या बसतात: दोन्ही सभागृहांच्या सार्वजनिक सुरक्षा समित्या आणि लष्कर व व्हेटरन्स समित्या. पत्र विधिमंडळाच्या पोर्टलवरून जातं, सहसा सुनावणीच्या आठवडाभर आधी. एक पान पुरे. समितीच्या अध्यक्षाचं नाव, विधेयकाचा क्रमांक, मांडणाऱ्या आमदाराचं नाव, कोणत्या तारखेची आवृत्ती, आणि पहिल्याच ओळीत भूमिका: पाठिंबा, दुरुस्तीसह पाठिंबा, किंवा विरोध. पत्र मंडळाच्या लेटरहेडवर हवं. कारण रोकडं आहे. समितीचे सल्लागार जे विश्लेषण लिहितात त्याच्या शेवटी पाठिंबा देणाऱ्या संस्थांची यादी असते, आणि आमदार निदान तेवढी तरी नजरेखालून घालतात. व्यक्तीच्या पत्राला तिथे क्वचितच जागा मिळते, संस्थेला मिळते. त्या यादीत मराठी संस्थेचं नाव दिसलं तर ते नवं असेल, आणि नव्या नावाकडे लक्ष जातं.

सुनावणीत मुख्य साक्षीदार दोन्ही बाजूंचे दोन-दोन, प्रत्येकाला जेमतेम दोन मिनिटं. बाकीच्यांनी रांगेत उभं राहून नाव, संस्था आणि भूमिका सांगायची. तेवढंच. ‘माझ्या मते’ सुरू केलंत की अध्यक्ष थांबवतात. बे एरियातून कॅपिटल कॉरिडॉरची गाडी सॅक्रामेंटोला जाते. बऱ्याच सुनावण्या जुन्या कॅपिटॉलऐवजी १०२१, ओ स्ट्रीट इथल्या इमारतीत होतात, आधी पत्ता बघून घ्या.

मे महिना बेभरवशाचा. खर्चाची विधेयकं, खर्च तपासणाऱ्या विनियोजन समितीच्या ‘सस्पेन्स फाइल’मध्ये, म्हणजे रोखून ठेवलेल्या यादीत, जातात. असेंब्लीत उंबरठा दीड लाख डॉलरचा, सिनेटमध्ये राज्याच्या सर्वसाधारण निधीतून अवघा पन्नास हजारांचा. तुरुंगाविषयीचं जवळजवळ प्रत्येक विधेयक यात सापडतं. मग एका दिवशी अध्यक्ष शेकडो क्रमांक भराभर वाचतात: मंजूर, दुरुस्तीसह मंजूर, रोखलं. चर्चा नाही, कारण नाही. साधारण चौथा ते तिसरा हिस्सा इथेच संपतो. ऑगस्टमध्ये हाच प्रकार दुसऱ्या सभागृहात. इथे लोक हमखास चुकतात, कारण सार्वजनिक सुरक्षा समितीला पाठवलेलंच पत्र पुन्हा पाठवतात. विनियोजन समितीला न्याय-अन्याय ऐकायचा नसतो, खर्च ऐकायचा असतो. म्हणून दुसरं पत्र वेगळं लिहा: विभागाने दिलेला खर्चाचा अंदाज कुठे फुगलेला आहे, कोणता पैसा केंद्राकडून येऊ शकतो, टप्प्याटप्प्याने केलं तर पहिल्या वर्षी किती लागेल. दुरुस्ती झाली की पत्र नव्या तारखेने पुन्हा. दुसऱ्या सभागृहात गेलं की पुन्हा. कंटाळवाणं आहे. एकादशीच्या उपासासारखं हे काम पंधरवड्याला आठवणीने करायचं असतं.

आता खजिनदार. ‘आपण ५०१(सी)(३), आपल्याला राजकारण चालत नाही’, हे वाक्य प्रत्येक मंडळात ऐकू येतं (५०१(सी)(३) म्हणजे करमाफी असलेली सेवाभावी संस्था). अर्धं बरोबर आहे. उमेदवाराचा प्रचार अजिबात चालत नाही, त्याला तसूभर सूट नाही. विधेयकावर भूमिका घेणं चालतं, मर्यादेत. मर्यादा नेमकी हवी असेल तर केंद्राच्या कर खात्याचा, आयआरएसचा, ५७६८ हा फॉर्म भरा. एक पान, एकदाच. मग वार्षिक खर्चाच्या पहिल्या पाच लाख डॉलरवर २० टक्क्यांपर्यंत विधेयकांच्या कामावर खर्च करता येतो. वर्षाला एक लाख खर्च करणाऱ्या मंडळाला वीस हजार, त्यांतले जास्तीत जास्त पाच हजार आम जनतेला उठवण्यासाठी. सभासदांना ‘आपल्या आमदाराला लिहा’ सांगणं पाच हजारांत येत नाही, ते मोठ्या मर्यादेत मोजलं जातं. स्वयंसेवकांचा वेळ तर मोजतच नाहीत, फक्त पैसा मोजतात. सॅक्रामेंटोची तिकिटं आणि छपाई धरून तुमचा खर्च हजाराच्या आत राहील. चर्चना हा फॉर्म चालत नाही. क्वेकरांचं विधेयकांचं काम वेगळ्या संस्थेतून चालतं. तुमचं मंडळ धार्मिक संस्था म्हणून नोंदलेलं असेल तर आधी सीपीएला विचारा.

एच-१बी आणि ग्रीन कार्डवाले विचारतील, आम्ही लिहू शकतो का? आमदाराला पत्र लिहायला, समितीपुढे बोलायला नागरिकत्व लागत नाही. मत देता येत नाही. निवडणुकीची देणगी ग्रीन कार्डवाल्याला देता येते, व्हिसावाल्याला कुठल्याच पातळीवर देता येत नाही, आणि तिथे मात्र चूक महागात पडेल.

विरोधही होईल, आणि तो बाहेरूनच होईल असं नाही. गाड्यांच्या काचा फुटलेली, दुकान लुटलं गेलेली माणसं मंडळात आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याच्या मतदारांनी चोरी आणि अमली पदार्थांच्या शिक्षा वाढवणारं प्रपोझिशन ३६ दोन-तृतीयांशांहून जास्त मतांनी मंजूर केलं, आणि तुरुंगातली सक्तीची मजुरी बंद करणारं प्रपोझिशन ६ त्याच दिवशी पाडलं. त्यांत आपलीही मतं होती. अशा सभासदाला ‘दयामाया’ सांगू नका, त्याला चीड येईल आणि ती रास्त असेल. त्याला विचारा: आत गेलेल्यांपैकी बहुसंख्य कधी ना कधी बाहेर येणार आहेत, राज्याच्याच आकड्यांनुसार तीन वर्षांत दहातले चार पुन्हा दोषी ठरतात. तुझ्या दुकानासमोर उभा राहणारा माणूस औषध घेऊन आलेला हवा की न घेता? औंध संस्थानात १९३९ मध्ये राजेसाहेब पंतप्रतिनिधींनी आणि मॉरिस फ्रीडमन यांनी आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत काढली, तेव्हाही हाच व्यवहार होता: कैदी आणि त्याचं कुटुंब जमिनीवर, भिंतीशिवाय.

तुरुंग पहारेकऱ्यांच्या संघटनेलाही शत्रू समजू नका. तिची ताकद मोठी आहे, आणि एकांतकोठडीसारख्या विषयात ती समोर उभी असते. २०२२ मध्ये एकांतकोठडीला मर्यादा घालणारं एबी २६३२ गव्हर्नरने फार व्यापक म्हणून नाकारलं आणि विभागालाच नियम करायला सांगितलं. पण याच पहारेकऱ्यांत माजी सैनिक पुष्कळ आहेत. व्हेटरन्सच्या विधेयकावर त्यांची आणि क्वेकरांची पत्रं एका यादीत येऊ शकतात, आणि अशी यादी पाहून समितीतले दोन्ही पक्षांचे लोक सावरून बसतात.

आमची विनंती एवढीच: येत्या बैठकीत तिघांची नावं ठरवा, खजिनदारांना ५७६८ दाखवा, आणि यंदाच्या गणपतीत आमदारांच्या हातात शालीसोबत एक कागद द्या. त्यावर तीनच ओळी असू द्या: दोन विधेयकांचे क्रमांक, त्यांवर तुमची भूमिका, आणि तुमच्या काउंटी जेलमध्ये सुटणाऱ्याच्या हातात औषध पडतं का हा प्रश्न. उत्तराची तारीख विचारून घ्या आणि ती सचिवांच्या वहीत लिहा.

आपले,
विधेयकांच्या कामात असलेले काही मराठी मतदार

ता. क. : पोर्टलवर मंडळाचं खातं उघडताना ईमेल एखाद्या पदाधिकाऱ्याचा खासगी देऊ नका. कार्यकारिणी बदलली की पासवर्ड घेऊन तो निघून जातो आणि पाडव्याच्या वेळी धावाधाव होते.